तहानलेली बुलेट

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहून पाठवा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी ओसरीत पाटावर बसून बुलेटचा स्पार्क प्लग उजेडाकडे धरून पाहत होतो. वर्षभर या सदरातून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खोड्या काढतो. सणासुदीला एकदा स्वतःची काढावी, हे न्यायालाही धरून होईल. मात्र या प्रकरणात माझ्या बहिणीचे मनगट मोडले आहे. तेव्हा मजकूर पुरता खुसखुशीत होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बुलेट माझी, १९८८ सालची. साडेतीनशेची म्हणतात, पण मोजून ३४६ घनसेंटिमीटरची. एकच सिलिंडर, तेही बिडाचे. रुंदी ७० मिलिमीटर, पिस्टनची चाल ९० मिलिमीटर, ताकद अवघी १८ अश्वशक्ती. ही गाडी मुळात विलायतेची. आपल्या लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ती पसंत केली आणि १९५५ साली मद्रासेत तिच्यासाठी कंपनी उभी राहिली, हा इतिहास मी भाच्याला इतक्यांदा ऐकवला आहे की, मी ‘मद्रास’ म्हटले की तो उठून पाणी प्यायला जातो.

हा भाचा आमच्याकडे बुलढाण्यास राहून पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मैदानावर धावतो, दुपारी प्रश्नसंच सोडवतो आणि संध्याकाळी माझी बुलेट पुसतो. मुलगा गुणी. गेल्या मार्चमध्ये मी महिनाभर पुण्याला लेकीकडे गेलो होतो. परतलो तो स्टँडवर भाचेबुवा मला न्यायला हजर. गाडी दिसण्याआधी ऐकू आली.

मूळचा लांब, शांत सायलेन्सर जाऊन त्या जागी ज्याला ‘इंदोरी’ म्हणतात तसल्या तऱ्हेचा एक आखूड नळकांडा लागला होता. आत पडदे नाहीत, जाळी नाही. या टोकाने पाहिले तर त्या टोकाचे आकाश दिसावे. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने तो घेतला होता. एवढ्यावर थांबला असता तरी निभावले असते. पण इंजिनाला हवा मोकळी मिळावी म्हणून त्याने एअर फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला ड्रिलने चांगली आठ भोके पाडली होती. “दुकानदार म्हणाला मामा, बसवा आणि पळवा. बाकी काही करायचं कारण नाही.”

मी रागावलो. म्हणजे, रागावायला हवे होते म्हणून रागावलो. खरे सांगायचे तर दुसऱ्या दिवशी ‘जरा बघतो’ म्हणून मी ती एकटाच मोताळ्यापर्यंत घेऊन गेलो आणि राजूर घाटाच्या कड्यांवरून तो धडधडाट परत कानांवर आदळला तेव्हा माझे वय वीस वर्षांनी उतरले. घरी येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “ठीक आहे, राहू दे काही दिवस.” त्या ‘काही दिवसां’चा हिशेब पुढे द्यावा लागला.

गाडीने खुणा केल्या नाहीत असे नव्हे. सकाळी किक मारली की कार्बोरेटरमधून ती शिंकायची. उतारावर मूठ सोडली की मागून फटाके उडायचे. भाच्याला ते आवडायचे, मलाही फारसे नावडायचे नाहीत. इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपच्या क्रोमवर वांग्यासारखी निळीजांभळी झाक आली होती. ती मी पाहिली, नखाने खरवडूनही पाहिली आणि ‘जुनी गाडी, चालायचेच’ म्हणून सोडून दिली. कहर म्हणजे गाडीचे ॲव्हरेज वाढले होते. लिटरमागे तीन किलोमीटर जास्त! फुकटचे तीन किलोमीटर मिळाले की आम्हा मध्यमवर्गीय माणसांची विचारशक्ती बंद पडते.

मे महिन्यात माझी धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, भुसावळहून आली. आमच्या बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचे आणि पुढे पंचेचाळीस किलोमीटर घाट चढून यायचे. मी म्हटले, एसटीत उकडून जाईल बिचारी, तू बुलेट घेऊन जा. वेळ दुपारी एकची. वऱ्हाडातल्या मे महिन्यातली दुपारची एकची वेळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

राजूर घाटात, दुसऱ्या गिअरवर, पूर्ण मूठ पिळून गाडी चढत असताना आतून एकदा ‘कर्र’ झाले आणि मागचे चाक जागच्या जागी धरले. पोराने क्षणात क्लच दाबला म्हणून गाडी सरळ राहिली. ती आडवी झाली ती थांबता थांबता, पण मागे बसलेल्या माणसाने हात टेकायचा तो टेकलाच. मागून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने आणि उतारूंनी दोघांना उचलले. गाडी वळणापासून वीस-पंचवीस पावलांवर होती. त्या वळणाच्या पलीकडे काय आहे हे बुलढाण्याच्या माणसाला ठाऊक आहे. मी त्यावर अधिक लिहीत नाही.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर मी कॉटशेजारी बसलो. काय बोलावे सुचत नव्हते. बहीण सासरची बोली बोलते. ती छताकडे पाहत म्हणाली, “दादा, मले तं मलकापुरापासूनच वाटे का तिले तहान लागली हाय. आवाज कोल्ला येत होता. पन म्या म्हटलं, तुमी दोघं शायने मानसं, तुमाले समजत असंन.”

आम्ही दोघे शहाणे! आणि तिने, जिने उभ्या जन्मात स्क्रू ड्रायव्हर हाती धरला नाही, तिने निदान अचूक केले होते. गाडीला तहानच लागली होती.

घाटातून गाडी वर आणण्यापेक्षा खाली नेणे सोपे, शिवाय पंचवीस वर्षांच्या ओळखीचा मिस्त्री मलकापुरात. टेंपोतून गाडी तिकडे नेली. त्याने हेड उघडले, सिलिंडर काढला आणि पिस्टन माझ्या हातावर ठेवला. ॲल्युमिनियमच्या अंगावर उभे ओरखडे, जणू मांजराने बोचकारले आहे. गरम झाल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. बाहेरचा बिडाचा सिलिंडर मागे राहतो, आतला पिस्टन फुगून त्याला घट्ट धरतो. मिस्त्रीमंडळी याला ‘इंजिन पकडलं’ म्हणतात. मग त्याने प्लग दाखवला. टोक चुन्यासारखे पांढरे फटक.

“गुरुजी,” तो म्हणाला, “धुराडं मोठं केलं, चुलीले वाराही मोकळा केला. मंग लाकडं कोन घालीन?”

मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मान खाली घालून ऐकत राहिलो, कारण हा धडा मी मुलांना फळ्यावर शिकवलेला होता. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. ग्रॅममध्ये ही गोष्ट किरकोळ वाटते. लिटरमध्ये मांडून पाहा. एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा! उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या गावांना पाण्याचा टँकर येतो, तसा एक टँकर भरून हवा आणि तिच्यासाठी एक बाटली पेट्रोल. कार्बोरेटरचे सारे काम एवढेच की येणाऱ्या प्रत्येक टँकरमागे बाटली मोजून द्यायची. त्याच्या गळ्यात हवेची वाट अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल पितळेच्या बारीक भोकातून वर ओढले जाते. ते भोक म्हणजे जेट. त्याचा आकार कारखान्यात ठरतो, आणि ठरवताना मूळचा सायलेन्सर आणि मूळचे फिल्टर जमेस धरलेले असतात.

आता सायलेन्सर मोकळा केला की जळका वायू झटकन बाहेर पडतो. इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. त्या क्षणी बाहेर जाणारा वायू आत येणाऱ्या हवेला मागून ओढ देतो. फिल्टरच्या झाकणाला भोके पडली की हवेची अडचण आणखी कमी होते. टँकर मोठा झाला. बाटली तेवढीच राहिली. पुष्कळांना वाटते, पेट्रोल कमी म्हणजे आग कमी, म्हणजे इंजिन थंड. उलटे आहे. पुरेसे पेट्रोल आत आले की ते वाफ होताना सिलिंडरची उष्णता खाते. हवा जास्त झालेले मिश्रण रेंगाळत जळते आणि बाहेर पडेपर्यंत सगळे भाजत राहते. आमचा निळा पडलेला बेंड पाइप दोन महिने हेच सांगत होता आणि ज्या तीन किलोमीटरांवर मी खूश होतो ते पिस्टनच्या खात्यातून उसने काढलेले होते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडली होती, ती मिस्त्रीने बोलता बोलता सांगितली. पेट्रोलच आता पूर्वीचे नाही. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. इथेनॉल आपल्या पोटात प्राणवायू घेऊन येते, त्याला बाहेरची हवा कमी लागते. त्यामुळे पावणेपंधराचे प्रमाण या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास येते. नव्या गाड्या त्या हिशेबाने घडवलेल्या आहेत. १९८८ च्या जेटला हे कोण सांगणार? म्हणजे माझी बुलेट सायलेन्सर बदलण्याआधीच थोडी अर्धपोटी होती. जुन्या गाडीवाल्यांनी रबरी नळ्याही तपासाव्यात. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

लेथवर सिलिंडरला बोअर मारून एक साइज मोठा पिस्टन बसवला. पहिले काही शे किलोमीटर गाडी नव्या सुनेसारखी हळू चालवली. सायलेन्सर मात्र मी मुद्दाम तोच ठेवायला सांगितला. भाचा चकित झाला. मी म्हटले, “ज्याच्यापायी हे झालं ते नीट केलं तर कसं चालतं, ते तरी पाहू. नुसतं काढून टाकलं तर आपण दोघंही काही शिकणार नाही.” यात थोडे शास्त्र होते आणि थोडा तो धडधडाटही होता, हे कबूल करतो.

मिस्त्रीने जेटच्या पुडीला लगेच हात लावला नाही. हीच खऱ्या कारागिराची खूण. आधी त्याने बेंड पाइपचा सांधा पाहिला. तिथून हवा आत झिरपत होती. मागचे फटाके पुष्कळसे त्या फटीचे होते. नवे पॅकिंग घातले. मग टॅपेट, मग पॉइंटची फट. फिल्टरचे भोकवाले झाकण भंगारात टाकून साबूत झाकण लावले. “हे सारं सरळ नसंन, तं जेट बदलून आपुन आपल्यालेच फसवतो,” हे त्याचे म्हणणे.

मग कार्बोरेटर. आपल्याला वाटते, पेट्रोल एका ठिकाणी कमी-जास्त होते. तसे नाही, मूठ किती पिळली यावर कारभारी बदलतात. मूठ पाव पिळेपर्यंत कारभार लहान जेटचा आणि त्याच्या हवेच्या स्क्रूचा. पावापासून पाऊणपर्यंत सुईचा. पाऊणच्या पुढे मोठ्या जेटचा. आमची गाडी घाटात पूर्ण मूठ पिळून चढताना पकडली, म्हणजे गुन्हेगार मोठा जेट. त्यावर आकडा होता ९०.

पहाटे साडेपाचला, वाहने कमी असताना, मोताळा-मलकापूर रस्त्याच्या एका सरळ पट्ट्यावर आम्ही तिघे गेलो. तेव्हा कळले की ट्यूनिंग म्हणजे कान लावून आवाज ऐकणे नव्हे. इथे डोळ्यांचे काम. गाडी चांगली तापवायची, नवा प्लग लावायचा, तिसऱ्या गिअरवर पूर्ण मूठ पिळून थोडे अंतर न्यायची आणि तशाच पिळलेल्या मुठीवर एकदम इंजिन बंद करून क्लच दाबायचा. मूठ हळूहळू सोडत थांबलात तर प्लग पूर्ण मुठीची साक्ष देत नाही, मधली भेसळ होते. मग प्लग काढून त्याचा रंग वाचायचा. ९५ चा जेट: अजून फिकट. १००: बिस्किटाच्या कडेसारखा बदामी. १०५: काजळी, आणि गाडी सर्दी झाल्यासारखी घोगरी. पुन्हा १००. सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली, म्हणजे सुई तेवढी वर उचलली गेली आणि मधल्या मुठीचे पेट्रोल वाढले. शेवटी हवेचा स्क्रू पाऊण फेरा आत घेतला. आत घेतला की हवा कमी, पेट्रोल जास्त. सकाळची शिंक त्या पाऊण फेऱ्यात गेली.

रंग वाचायला हल्ली पूर्वीपेक्षा कठीण जाते, हेही मिस्त्रीने बजावले. २००० साली पेट्रोलमधले शिसे गेले, आता इथेनॉल आले. प्लगवर पूर्वीसारखा ठसठशीत रंग उमटत नाही. भिंगातून खोल मुळापर्यंत पाहावे लागते. मी आता पाहतो.

मी विचारले, “हे बुलढाण्यातच का नाही केलं? मला एवढ्या पहाटे खाली उतरवलंत.” तो हसला. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आसपास, बुलढाणा साडेसहाशेच्या. वर हवा विरळ, त्यामुळे खाली बेतलेला जेट वर जरा जास्त पेट्रोल देतो. काजळी धरेल, पण जाळणार नाही. उलट बुलढाण्यात बरोबर बेतलेली गाडी घाट उतरून दाट हवेत आली की तहानलेली. थंडीतही हवा दाट होते, म्हणून पौषात एकदा प्लग पुन्हा पाहायचा. ही भौतिकी मी तीस वर्षे शिकवली. राजूर घाटाला ती लावून पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते.

शेजारच्या तरुणाकडे नवी गाडी आहे. तो म्हणतो, काका, आमच्याकडे ही भानगडच नाही. ते अर्धेच खरे. १ एप्रिल २०२० पासून नव्या प्रदूषण-नियमांबरोबर मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला आणि पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. सायलेन्सरच्या नळीत प्राणवायू हुंगणारे एक नाक बसवलेले असते. ते संगणकाला सांगते आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. पण हे नाक संथ चालीतच कामाचे. पूर्ण मूठ पिळली की संगणक नाकाचे ऐकत नाही, कारखान्यात पाठ केलेल्या कोष्टकावर चालतो आणि त्या कोष्टकाला तुमचा नवा नळकांडा ठाऊक नसतो. मग जेटऐवजी ते कोष्टक बदलावे लागते. शिवाय त्या गाड्यांच्या धुराड्यात विषारी वायू निवळणारे एक भांडे असते. तेही सायलेन्सरबरोबर बाहेर जाते.

आमची गाडी मात्र आता अशी चालू लागली की विचारू नका. शिंक नाही, फटाके नाहीत, बेंड पाइपवर नवी झाक नाही. मग एका पहाटे आम्ही मनगटी घड्याळ घेऊन राजूर गावापासून घाटमाथ्यापर्यंत वेळ मोजला. तीन वेळा या सायलेन्सरने आणि, जुना परत बसवून, जेट-सुई त्याच्याजोगती करून, तीन वेळा त्याने. दोन्हींत जो फरक पडला तो एका ट्रकमागे अडकल्याने पडणाऱ्या फरकाहून कमी होता. अठरा अश्व अठराच राहिले. फक्त एकाने मोठ्याने खिंकाळायला घेतले होते.

भाचा घाटमाथ्यावर कठड्याला टेकून बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, “मामा, जुनाच राहू द्या.” मला वाटले, आईच्या हातामुळे म्हणतो आहे. असेलही. पण घरी आल्यावर त्याने प्रश्नसंच उघडून माझ्यापुढे धरला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९०: आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १७५ घनसेंटिमीटरच्या वरच्या मोटारसायकलीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. “हा प्रश्न मागच्या आठवड्यात मी बरोबर सोडवला होता,” तो म्हणाला, “आणि उत्तर लिहून बुलेटवरून दूध आणायला गेलो होतो.” पोलीस ठिकठिकाणी असले सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर मांडतात आणि त्यांवरून रोडरोलर फिरवतात, ते त्याने मोबाइलवर दाखवले. उद्याचा शिपाई आपलाच सायलेन्सर रोलरखाली घालतो आहे, हे चित्र मनात येऊन आम्ही दोघे मेनंतर पहिल्यांदा मोकळेपणी हसलो.

जुन्या सायलेन्सरला आता ९५ चा जेट आहे. ९० वर मी परत गेलो नाही. ते पाच इथेनॉलचे. लिटरमागचे ते तीन किलोमीटर गेले, वर आणखी एक गेला.

बहिणीचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. मनगट थंडीत ठणकते म्हणते. भाऊबीजेला ती येणार आहे. परवा फोनवर मी सांगितले, गाडी आता अगदी ठणठणीत आहे, मी स्वतः घ्यायला येतो, प्लग पाहिला आहे, बदामी आहे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “चांगलं झालं दादा. तुमी या मलकापूरले बुलेट घेऊन.”

मी खूश झालो.

“फराळाचे डबे लय जड हायेत,” ती म्हणाली. “थे तुमी न्या बुलेटवर. मी एसटीनं येतो.”